व्हीटलीच्या तळघरातला वायू: एका विसरलेल्या गॅसविहिरीचं प्रकरण

हे प्रकरण कॅनडातलं आहे, 2021 सालचं. गाव आणि तारखा सार्वजनिक नोंदीतल्या आहेत; इमारतीचे मालक, रहिवासी आणि अधिकारी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. घटनांपेक्षा त्यांच्या मधल्या काळात घेतलेल्या निर्णयांवर इथे जास्त भर आहे.

पार्श्वभूमी

ऑन्टारियो प्रांताच्या अगदी दक्षिण टोकाला, ईरी सरोवराच्या काठावर व्हीटली नावाचं गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आत. गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं बंदर, आजूबाजूला सपाट शेतजमीन, मधोमध जुन्या विटांच्या इमारतींचा छोटासा बाजार. विंडसर आणि डेट्रॉइटपासून मोटारीने तासाभराचा रस्ता. कारभार चॅटम-केंट या मोठ्या पालिकेकडे.

आज या भागाकडे बघून इथे कधीकाळी तेल आणि गॅसचा धंदा जोरात होता यावर विश्वास बसत नाही. पण उत्तरेकडच्या ऑइल स्प्रिंग्ज इथे 1858 मध्येच तेलाची विहीर लागली होती आणि शेजारच्या एसेक्स काउंटीत 1889 मध्ये नैसर्गिक वायू सापडला. त्यानंतर ज्याला जमेल त्याने जमिनीला भोक पाडलं. कुणी शेतात, कुणी घराच्या मागच्या अंगणात. घर तापवायला आणि दिवे लावायला गॅस मिळाला की काम झालं. परवाना, नकाशा, नोंद या भानगडी नंतरच्या. गॅस आटला की विहीर सोडून द्यायची. जाताना लोखंडी पाइप उपसून विकायचा आणि भोकात लाकडाचे ओंडके, दगड, माती, जे हाताशी असेल ते कोंबायचं, ही त्या काळातली सर्रास पद्धत. भोक बुजलं, वर गवत उगवलं, पुढे त्यावर रस्ता झाला, इमारत उभी राहिली.

आपल्याकडे पाणी न लागलेली बोअर दगडमातीने भरून टाकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात: तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरा. मूल आत पडू नये म्हणून हे पुरेसं आहे. गॅसच्या विहिरीला ते मुळीच पुरत नाही. दगड-वाळूतून माणूस जात नाही, वायू मात्र आरामात जातो. तिथे लागतं ते सिमेंट, आणि तेही योग्य थरासमोर.

ऑन्टारियोत नोंदल्या गेलेल्या तेल-वायूच्या विहिरी सुमारे 27,000 आहेत. त्याखेरीज नोंदच नसलेल्या विहिरी आहेत, आणि नोंदीतल्याही कित्येकांच्या जागा अंदाजाने टिपलेल्या. कायद्यानुसार विहिरीचा मूळ चालक सापडत नसेल तर जबाबदारी जमिनीच्या मालकावर येते. म्हणजे आज दुकान विकत घेणारा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वीच्या भोकाचाही धनी होतो, आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. सर्वांत धोकादायक विहिरी बुजवायला मालकांना मदत म्हणून प्रांताने 2005 मध्ये एक योजना काढली. पण तिचा पसारा छोटा, आणि विहीर आहे कुठे हे ठाऊक असेल तरच तिचा उपयोग.

अडचण

2 जून 2021 रोजी गावाच्या मध्यभागातल्या एका व्यापारी इमारतीच्या तळघरात हायड्रोजन सल्फाइड आढळला. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू. दुसऱ्या दिवशी पालिकेने आणीबाणी जाहीर केली, आसपासचे लोक बाहेर काढले. गळती ओसरली आणि लोक परतले.

19 जुलैला तोच प्रकार पुन्हा घडला. पुन्हा स्थलांतर, पुन्हा ओसरणं. यावेळी वायूवर सतत लक्ष ठेवणारी आणि धोका दिसताच गजर देणारी यंत्रं बसवली गेली.

26 ऑगस्टला दुपारी त्या यंत्रांनी गजर दिला. अग्निशमन दलाने परिसर रिकामा करायला घेतला. सुमारे दीड तासाने, संध्याकाळी सहाच्या पुढे, स्फोट झाला. इमारती कोसळल्या, 20 जण जखमी झाले. कुणी दगावलं नाही, आणि त्याचं श्रेय सरळ त्या गजराला आणि मधल्या दीड तासाला जातं.

या वायूबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्या स्वभावाभोवती फिरतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो तळघर, गटार, खड्डा अशा खोल जागी साठतो. अगदी नगण्य प्रमाणातही नाकाला कळतो. पण प्रमाण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेलं की घ्राणेंद्रियच बधिर होतं. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं, गॅस गेला. याहून चढत गेला तर बेशुद्धी आणि मृत्यू. शिवाय तो हवेत चार टक्क्यांच्या पुढे गेला की पेटतो. जुन्या विहिरीतून त्याच्या जोडीला मिथेनही येऊ शकतो. त्याला वास नसतो, तो हवेपेक्षा हलका असतो आणि पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक असतो. एक वायू तळाशी बसणारा, एक वर चढणारा. नाकावर भरवसा ठेवून यातलं काहीच ठरवता येत नाही.

दक्षिण ऑन्टारियोच्या चुनखडीच्या थरांमध्ये फारशा खोलवर नसलेलं गंधकयुक्त पाणी आहे. जुनी, गंजलेली विहीर या थरातून गेली की ती गंधकाच्या पाण्याला आणि त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडला वर यायची नळीच बनते. वाटेत पिण्याच्या पाण्याचा थर लागला तर तोही नासतो. गंधकाचा वायू पोलादाला खातो, त्यामुळे जे केसिंग, म्हणजे विहिरीच्या आतला लोखंडी पाइप, शिल्लक असेल तेही वर्षागणिक पातळ होत जातं. विहीर सोडून दिली म्हणजे ती थांबली असं नसतं. खालचा दाब तिथेच असतो, वरचा अडसर तेवढा कुजत जातो.

तारखा काय सांगत होत्या

पहिल्या आणि दुसऱ्या गळतीत 47 दिवसांचं अंतर, दुसऱ्या आणि तिसऱ्यात 38 दिवसांचं. गळती सलग नव्हती, ती यायची आणि जायची. विहिरीत पाण्याचा स्तंभ उभा असेल तर तो खालचा वायू दाबून धरतो. दाब पुरेसा वाढला की वायू पाण्याला बाजूला सारून उसळून वर येतो, मोकळा होतो आणि पाणी पुन्हा जागेवर बसतं. मग सगळं शांत. मीटर शून्य दाखवतो.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म या शून्यातच आहे. शून्याचा अर्थ ‘आत्ता, या जागी, वायू नाही’ एवढाच. ‘धोका टळला’ असा तो अर्थ नाही. पाइपलाइन फुटली असती तर व्हॉल्व्ह बंद करून शून्य आल्यावर घरी जाणं बरोबर होतं, कारण तिथे उगम माहीत असतो आणि तो बंद केलेला असतो. व्हीटलीत जून आणि जुलै दोन्ही वेळा वायू आपणहून थांबला होता, कुणी थांबवला नव्हता. तो कुठून येतो हे स्फोट होईपर्यंत नक्की ठरलेलं नव्हतं.

जुलैत दुसऱ्यांदा तेच घडल्यावर हा योगायोग नाही हे उघड होतं. तिथून पुढे प्रश्न ‘पुन्हा येईल का’ हा उरला नव्हता. ‘पुढच्या वेळी किती येईल आणि तेव्हा आत कोण असेल’ हा खरा प्रश्न होता.

समोर असलेले पर्याय

पालिकेपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या. उगम सापडेपर्यंत बाजाराचा तो भाग बंदच ठेवायचा. किंवा तळघरांत हवा खेळती ठेवून, मीटरचे आकडे बघत लोकांना परत येऊ द्यायचं. किंवा लोकांना येऊ द्यायचं, पण चोवीस तास यंत्रं लावून, गजर वाजताच बाहेर पडायच्या तयारीने.

पहिली वाट सर्वांत सुरक्षित, हे आज कुणीही सांगेल. पण जून 2021 मधल्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. कोविडच्या सव्वा वर्षाने दुकानदार आधीच मोडकळीला आलेले. उगम शोधायला आठवडे लागतील की महिने, हे सांगणारा कुणी नाही. वायू तर थांबलेला दिसतोय. अशा वेळी ‘अनिश्चित काळासाठी बंद’ असा आदेश काढायला हातात ठोस कागद लागतो, आणि नेमका तोच नव्हता. जुलैनंतर पालिका तिसऱ्या वाटेने गेली. त्या वाटेने इमारती वाचल्या नाहीत, माणसं वाचली. मी या निर्णयाला अर्धे गुण देईन, पण ते अर्धे फार मोलाचे आहेत.

दुसरा पेच अधिकाराचा. इमारत खासगी. आणीबाणी पालिकेची. पण तेल-वायूच्या विहिरी प्रांताच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या अखत्यारीत, आणि पालिकेकडे भूगर्भातल्या वायूचं तज्ज्ञ मनुष्यबळ असण्याचं काही कारण नव्हतं. त्यात मेख अशी की वायू विहिरीतूनच येतोय हे सिद्ध होईपर्यंत तो विहिरीचा प्रश्न आहे असं तरी कसं म्हणायचं? विहीर सापडल्याशिवाय जबाबदारी ठरत नाही आणि जबाबदारी ठरल्याशिवाय विहीर शोधायला पूर्ण ताकद लागत नाही. सरकारी कामाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हे वर्तुळ ओळखीचं वाटेल. कॅनडात असलं म्हणून ते वेगळं नसतं.

पैशांची बाजूही होतीच. 2020 च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने बेवारस आणि बंद विहिरींसाठी 170 कोटी डॉलर जाहीर केले होते. ते अल्बर्टा, सस्कॅचवान आणि ब्रिटिश कोलंबिया या पश्चिमेकडच्या तीन प्रांतांसाठी होते. विहिरींचा धंदा आज तिथे आहे म्हणून. ज्या प्रांतात तो सर्वांत आधी सुरू झाला, त्या ऑन्टारियोचं नाव यादीत नव्हतं.

काय केलं गेलं

स्फोटानंतर चित्र झपाट्याने बदललं. रिकामा केलेला भाग वाढवण्यात आला, शेकडो लोक घराबाहेर राहिले. गॅस आणि वीज तोडली गेली. प्रांताने एका अभियांत्रिकी सल्लागार कंपनीला उगम शोधायच्या कामावर नेमलं. गावाच्या मध्यभागातल्या तीन संशयित जागा निश्चित करून एकेकीचा तपास झाला.

अशी विहीर शोधायची कशी? जुने दस्तऐवज, नकाशे आणि फोटो चाळायचे, म्हाताऱ्या रहिवाशांना विचारायचं. जमिनीत लोखंडी केसिंग उरलं असेल तर चुंबकीय मोजणीत ते दिसतं. पण जिथे केसिंग उपसून विकलेलं, तिथे हे यंत्र मुकं होतं. मग जमिनीतल्या हवेचे नमुने घेत घेत वायूचा माग काढायचा आणि शेवटी खोदून बघायचं. व्हीटलीत यातही अडथळा होता: वर कोसळलेल्या इमारतीचा ढिगारा, खाली वायू, आणि कोणत्याही क्षणी पुन्हा उसळी येण्याची शक्यता. श्वसनयंत्र लावल्याशिवाय कामगार जवळ जाऊ शकत नाही आणि ठिणगी उडेल असं अवजार वापरता येत नाही. स्फोट झालेल्या जागीच नव्हे, तर जवळपास आणखीही विहीर असल्याचं तपासात दिसलं.

विहीर सापडली की लगेच सिमेंट ओतून मोकळं व्हावं असं बाहेरून वाटतं. तसं करता येत नाही. आधी वायूला सुरक्षित वाट करून द्यावी लागते, म्हणजे उंच पाइपातून तो मोकळ्या हवेत सोडायचा. मग विहिरीवर ड्रिलिंगची रिग उभी करून शंभर वर्षांपूर्वी कोंबलेले ओंडके, दगड, गाळ उपसत तळापर्यंत जायचं. कुठल्या खोलीवर वायू आहे, कुठे गंधकाचं पाणी, कुठे गोडं पाणी, हे बघायचं. मग आत नळी सोडून तळापासून वर सिमेंट भरत यायचं, प्रत्येक थर दुसऱ्यापासून तुटेल अशा बेताने. सिमेंट बसल्यावर दाब देऊन तपासायचं. शेवटी केसिंगचं तोंड जमिनीखाली कापून त्यावर पोलादी झाकण. शेतातल्या ओळखीच्या विहिरीचं हे काम सरळ असतं. गावाच्या मधोमध, नोंद नसलेल्या विहिरीत उतरताना मात्र खाली काय अडकलंय याचा अंदाज कुणालाच नसतो. बिल त्या अनिश्चिततेचं येतं.

रहिवाशांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी प्रांताने स्वतंत्र मदत योजना काढल्या. लोक टप्प्याटप्प्याने परतले, काही महिन्यांनी तर काही बऱ्याच उशिरा. घर शाबूत असूनही मधला हिवाळा भाड्याच्या खोलीत आणि नातेवाइकांकडे काढावा लागणं, आणि परतायची तारीख कुणी देऊ न शकणं, हा त्रास जखमींच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

निष्पत्ती

जीवितहानी झाली नाही. गावाच्या मध्यभागी मोकळी जागा झाली. विहिरींची बंदोबस्ताची कामं स्फोटानंतर दीर्घकाळ चालली.

धोरणाच्या पातळीवर सगळ्यात ठोस गोष्ट 2023 मध्ये घडली. जुन्या तेल-वायूच्या विहिरींसाठी ऑन्टारियोने तीन वर्षांत 2 कोटी 36 लाख डॉलर खर्चायचं जाहीर केलं, त्यात पालिकांच्या तयारीसाठीही मदत होती. 27,000 विहिरी आणि ही रक्कम शेजारी ठेवून बघितली तर विहिरीमागे नऊशे डॉलरही येत नाहीत. अर्थात सगळ्याच विहिरी बुजवायच्या नसतात, कित्येक नीट बुजवलेल्या आहेत. तरीही तुलनेसाठी: अमेरिकेने 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात बेवारस विहिरींसाठी 470 कोटी डॉलर ठेवले, आणि तिथेही ते पुरे पडणार नाहीत असंच जाणकार म्हणतात. सोडून दिलेल्या विहिरींचा अमेरिकी पर्यावरण संस्थेचा अंदाज तीस लाखांच्या वर आहे.

यातल्या बहुतेक विहिरी कधीच स्फोट करणार नाहीत. त्या नुसत्या झिरपत राहतील. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो, त्यामुळे त्या झिरपण्याची नोंद हवामान घेतंच. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र पिण्याच्या विहिरीचं पाणी खारट किंवा गंधकाचं लागणं, शेतात एखाद्या जागी काहीच न उगवणं, ही खूण जास्त जवळची.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट जूनमधली. परतीचा निकष ‘मीटर शून्य’ हा न ठेवता ‘उगम सापडला का’ हा ठेवायला हवा होता. निदान त्या एका इमारतीपुरता आणि तिच्या लगतच्या तळघरांपुरता. संपूर्ण बाजार बंद ठेवणं अवघड होतं हे मान्य, पण सगळं बंद किंवा सगळं चालू याच्या मध्ये जागा होती.

दुसरी गोष्ट, यंत्रं जूनमध्येच लागायला हवी होती. आपणहून थांबलेली गळती ही थांबलेली धरायची नाही, असा साधा नियम लेखी असता तर त्यासाठी दुसऱ्या गळतीची वाट बघावी लागली नसती. गजराने काय साधतं ते ऑगस्टमध्ये दिसलंच.

तिसरी अधिकाराची. उगम अज्ञात असलेली वायूगळती कोणत्या खात्याची, हे घटना घडल्यावर ठरवायचं काम नव्हे. ‘विहिरीतून नाही असं सिद्ध होईपर्यंत विहिरीतूनच’ असं धरून तज्ज्ञ खात्याने पहिल्या दिवसापासून पुढाकार घ्यायचा, आणि खर्चाचा वाद नंतर, असा करार पालिका आणि प्रांत यांच्यात आधीच असू शकतो. जिथे जुने तेल-वायू क्षेत्र आहे त्या प्रत्येक पालिकेला तो लागेल.

चौथी नोंदीची, आणि ही सर्वांत कंटाळवाणी म्हणून सर्वांत मागे पडते. बांधकामाची परवानगी देताना आणि मालमत्ता विकताना जुन्या विहिरींचा शोध सक्तीचा केला, तर प्रत्येक व्यवहारागणिक नकाशातला एक कोपरा उजळत जाईल. पण त्यात एक गोम आहे. विहीर सापडली की कायद्याने तिचा भार मालकावर येतो. मग कोणता मालक आपणहून शोधेल? उलट तो शोधू नये याचीच काळजी घेईल. शोधणाऱ्याला बुजवण्याचा खर्च सरकारने दिला, निदान मोठा वाटा उचलला, तरच ही सक्ती कागदाबाहेर येईल. मालकी आणि जबाबदारी यांची ही गाठ सोडवल्याशिवाय नुसता निधी वाढवून फार काही होणार नाही असं मला वाटतं.

आणि बुजवल्यानंतरचं काय, हा प्रश्न उरतोच. एकाच दाबाच्या थराला अनेक भोकं असतील तर एक बंद केल्यावर दाब दुसऱ्याकडे वळू शकतो. ईरी सरोवराच्याच काठावरच्या नॉरफोक काउंटीत गंधकाचा वायू सोडणाऱ्या एका जुन्या विहिरीबद्दल तिथल्या लोकांनी हीच शंका जाहीरपणे मांडली आहे. म्हणून व्हीटलीत सिमेंट ओतल्यावर काम संपलं असं धरता येणार नाही. आसपासच्या तळघरांत मोजणी किती वर्षं चालू ठेवायची, तिचा खर्च कुणी करायचा आणि आकडे रहिवाशांना कुठे बघायला मिळतील, या तीन गोष्टी विहीर बुजवण्याच्या कंत्राटातच लिहिलेल्या असायला हव्यात. तीन वर्षांचा निधी संपला तरी ही मोजणी चालू राहावी लागेल.